कुंपणाच्या कडेने

वीज कंपनीच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, हे तितकंसं खरं नाही. उत्तरं मी बरीच लिहिली. पाठवलं मात्र एकही नाही.

पत्र सरळ होतं. पलीकडच्या वस्तीला जमिनीखालून नवी केबल न्यायची आहे, ती तुमच्या घरामागच्या मोकळ्या जागेतून तिरकी जाईल, त्या पट्ट्यावर पुढे बांधकाम करता येणार नाही. संमती किंवा हरकत लेखी कळवावी.

हरकत तर होतीच. त्याच जागेत माझी धाकटी बहीण आपली खोली बांधणार होती. ती पुस्तकांची बांधणी करते. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हापासून तिचा कारखाना आमच्या स्वयंपाकघरातच आहे. ओट्यावर खळीचं भांडं, जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे, आणि कागद कापायचं यंत्र अशा जागी की पाणी प्यायला जाताना त्याला पोट आत घेऊन वळसा घालावा लागतो. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत. स्वतःच्या खोलीसाठी तिनं सणकून काम केलं होतं, एरवी नाही म्हटलं असतं तेही काम अंगावर घेतलं होतं.

तरी माझ्याच्यानं लिहवेना. पलीकडच्या वस्तीत संध्याकाळी दिवे मिणमिणतात, हे मी गच्चीवरून रोज पाहत होतो. त्यांच्या उजेडाच्या आड यायचं म्हणजे जरा अतीच नाही का? वाचनालयातून जमीनमालकाच्या हक्कांवरची दोन जाडजूड पुस्तकं आणली. ती वाचून होण्यापूर्वी मला एकच शंका होती. वाचल्यावर शंकांची मोजदाद राहिली नाही.

अशात गवंड्यानं खोलीच्या पायासाठी चुन्याची फक्की टाकून चौकोन आखला. दुसऱ्या दिवशी बहीण तयार पुस्तकं पोचवायला गेली असताना कंपनीची माणसं आली. फाटक मीच उघडलं. वर त्यांना पाणीही दिलं. ती माणसं गेली तेव्हा चौकोनाच्या मधोमध लाल खुंट्यांची रांग उभी होती.

गवंडी डोकं खाजवत म्हणाला, "काका, खोली जन्माला यायच्या आधीच तिच्या पोटात हे कुणी भोसकलं?"

बहीण परतली. खुंट्या पाहून तिनं हातातली पिशवी तिथंच मातीत ठेवली, तेव्हाच मला धडकी भरली. मी पत्र आणि मसुद्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिनं वरचा मसुदा वाचला.

"दादा, यात 'नाही' कुठं म्हटलंयस?"

"तिसऱ्या परिच्छेदात."

"तिसऱ्या परिच्छेदात तू त्यांच्या मराठीचं कौतुक केलंयस."

"मग चौथ्यात असेल."

"चौथ्यात चहाला बोलावलंयस!" तिनं गठ्ठा खाली ठेवला. "चप्पल घाल. चल."

रस्ताभर मी मनात एकच घोकत होतो : मौन म्हणजे संमती. माझ्या मौनानं तिची खोली गिळली होती.

कंपनीच्या कार्यालयात केबलच्या मार्गांचं काम पाहणाऱ्या अधिकारीबाई डबा खात होत्या. त्यांनी एका हातानं आमची फाइल उघडली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"म्हणजे ते तुम्ही! काका, तुमच्या एका सहीसाठी आमची केबल चौकात गुंडाळून पडलीय. पोरं तिच्यावर घसरगुंडी खेळतात."

"पण… मी उत्तर दिलं नाही म्हणजे मी होकारच दिला ना?"

"कुणी सांगितलं? मालकाच्या लेखी संमतीशिवाय आम्ही तुमच्या जमिनीत फावडंही मारू शकत नाही. खुंट्या नुसत्या मोजणीच्या आहेत."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"म्हणजे हा गप्प बसला ते बरंच झालं म्हणायचं?" बहिणीनं विचारलं.

"बरं कसलं, मावशी! अजून उत्तर आलं नाही तर प्रकरण सुनावणीला जाईल. तिथं नकाशावरची तिरकी रेघच मंजूर झाली की मग तुमची खोली विसरा."

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. नेहमी अशा वेळी तीच बोलते. आज तिनं मलाच कोपरानं ढोसलं. मी फाइलमधल्या नकाशावर बोट ठेवलं.

"केबल… कुंपणाच्या कडेने नेली तर? म्हणजे, तुम्हाला फार त्रास होणार नसेल तर."

बाईंनी नकाशा फिरवला, चमच्याच्या दांड्यानं कुंपणाची रेघ चाचपली. "थोडी केबल जास्त लागेल. वळणावर एक चेंबर. होईल की! हे आधी का नाही कळवलंत? मार्ग सुचवायचा हक्कच आहे तुमचा. खणण्याआधी आम्ही आगाऊ कळवायचं, खणलेलं पूर्ववत करून द्यायचं, हेही लिहा. इथंच लिहून देता?"

चार माणसांसमोर लिहायचं या कल्पनेनंच मी खिशातलं पेन आणखी आत ढकललं.

"त्याला घरी लिहू दे," बहीण म्हणाली. "मी बसते त्याच्या उरावर."

ती खरोखरच बसली. मी 'सप्रेम' लिहिलं, तिनं खोडलं. मी आभार मानायला निघालो, तिनं पेनच धरलं. शेवटी उरलं ते एवढंच : तिरक्या मार्गाला आमची हरकत आहे. कुंपणाच्या कडेने केबल नेण्यास संमती आहे. खणण्यापूर्वी कळवावे व जागा पूर्ववत करून द्यावी. जागा दोघांच्या नावावर, म्हणून खाली दोघांच्या सह्या.

"फार तुटक वाटत नाही?" मी विचारलं.

"वस्तीला वीज मिळतेय, मला खोली मिळतेय. आणखी किती गोड बोलायचंय तुला?"

पोस्टात रांग होती. माझा नंबर येईपर्यंत 'पूर्ववत' की 'पूर्वीप्रमाणे' असा प्रश्न मला पडला होता, आणि पाकीट परत मागावं असं खिडकीपाशी क्षणभर वाटलंही. पण कारकुनानं रजिस्टर पोस्टाची चिठ्ठी चिकटवली, दोन शिक्के हाणले आणि मागं न बघता पाकीट पोत्यात भिरकावलं.

"पुढचे!" तो म्हणाला.