दारवतीची पारख

दर रविवारी दुपारी चारुदत्तच्या घराच्या माडीवर चारजण जमत आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्यांवर फळी टाकून केलेल्या टेबलाभोवती बसून एका राज्यात शिरत. राज्याचं नाव सप्तबंदर. ते नकाशात नव्हतं. चारुदत्तच्या डोक्यात होतं. पुण्यात शिकताना त्याला एकेक पात्र घेऊन गोष्ट रंगवायच्या या खेळाचा नाद लागला होता. रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली, तेव्हा नियमांच्या जाडजूड पुस्तकाची झेरॉक्स आणि वीस पैलूंचे फासे घेऊनच तो गावी परतला. तो सूत्रधार. वेद, वेदची बहीण सावनी आणि अमरीन हे खेळाडू. प्रत्येकाचं पात्र एकच: वेदचा परशुधारी योद्धा, सावनीची चोरटी, अमरीनची तारे वाचणारी नाखवीण. राज्यात उरलेली सगळी माणसं, म्हणजे खानावळवाल्यापासून सेनापतीपर्यंत, एकट्या चारुदत्तने वठवायची.

पहिल्या वर्षी त्याने इतकी माणसं आणली की राज्यात पाऊल ठेवायला जागा राहिली नाही. तेव्हा अमरीननेच नियम घातला. नवं दुय्यम पात्र म्हणजे पाहुणा. पाहुण्याने तीन रविवार राहावं. चौथ्या रविवारी कुणीतरी एकाने, पाळीपाळीने, त्याची पारख करावी. प्रश्न तीन. याला काय हवं आहे? हा नसला तर कुणाचं काय अडेल? आणि आपण समोर नसताना हा काय करत असतो? उत्तरं पटली तर वहीत ‘मुक्काम’ लिहायचं, नाहीतर ‘रवाना’. निकालावर वाद घालायचा नाही; मात्र कारण लिहायचं. एका डोळ्याच्या तांडेलाला, म्हणजे बोटीवरच्या मुख्य खलाशाला, मुक्काम मिळाला होता, कारण कुणी बघत नसताना तो हरवलेल्या भावाच्या होडीला रंग देत असे. राजज्योतिषी रवाना झाला, कारण धोक्याच्या सूचना देण्यापलीकडे त्याला स्वतःचं असं आयुष्यच नव्हतं.

२००३ सालच्या ऑक्टोबरातला तो रविवार. पत्रा तापला होता आणि पंखा गरम हवाच फिरवत होता. पाळी अमरीनची होती आणि पाहुणी होती दारवती.

दारवती ही बंदराजवळच्या घरात राहणारी एक बाई. दार वाजवलं की ती अर्ध्या फटीतून तोंड काढून म्हणायची, “ते आंघोळीला गेलेत. थांबायचं तर थांबा.” आतून पाणी ओतल्याचा आवाज यायचा. दार वाजवणारे थांबायचे, थकायचे, निघून जायचे. नवरा काही बाहेर यायचा नाही. चारुदत्त तिचा आवाज काढायचा, तिच्यासारखी मान तिरकी करायचा, आणि वेद हसून हसून पेटीवरून घसरायचा.

अमरीन तिन्ही रविवार हसली होती. हसली नसती तर कुणीतरी विचारलं असतं, का गो, काय झालं? घरी परतताना प्रत्येक वेळी तिला स्वतःचीच किळस आली होती. आवाज तिच्या आईचा होता. मान तिच्या आईची होती. वाक्य तर अक्षरशः आईचंच, रझियाचंच होतं.

“ही अजरामर आहे, सांगून ठेवतो,” वेद म्हणाला. “आज माझा योद्धा परशूने न्हाणीचं दार फोडणार. तीन रविवार आंघोळ करणारा माणूस मला बघायचाय.”

“साबणच संपला असेल रे त्याचा,” सावनी म्हणाली.

“आधी पारख,” अमरीन म्हणाली.

“पारख कसली? हिला मुक्कामच,” चारुदत्त हसत म्हणाला. “आणि श्रेय अमरीनला. खरंच! हे मला हिच्याकडेच सुचलं. गेल्या वर्षी नकाशा द्यायला गेलो होतो. हिची अम्मी म्हणाली, ते आंघोळीला गेलेत. मी व्हरांड्यात पाऊण तास बसलो. आत पाणी चालूच. अब्बा निघतील तर शपथ!”

माडी हास्याने दणाणली.

“म्हणजे अब्बा खरेच आहेत?” वेदने टाळी दिली. “ठरलं तर. गुरुवारी सुट्टी आहे. आपण तिघं अमरीनकडे जायचं आणि अब्बांना बाहेर काढल्याशिवाय परतायचं नाही. काय गो, चालेल ना?”

अमरीनने पेनाचं टोपण काढलं.

अब्बा नव्हते. नाटे या गावाहून रशीद ज्या बोटीवर गेले होते ती बोट सात वर्षांपूर्वी परत आली. ते आले नाहीत. नाट्यात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, आणि घरात पुरुष नाही हेही ठाऊक असतं. म्हणून रझिया सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन रत्नागिरीत दोन खोल्यांत राहायला आली. पहिल्याच महिन्यात कुणीतरी दुपारी दार वाजवलं. “घरात कोण आहे?” असं त्याने विचारलं, आणि दोघीच आहोत हे उत्तर मिळाल्यावरही तो गेला नाही, उंबऱ्यापाशी उभा राहून त्याने सावकाश दोन विड्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्या दुसऱ्या दिवशी रझियाने फटीतून सांगितलं, “ते आंघोळीला गेलेत. थांबायचं तर थांबा.” तो थांबला नाही.

तेव्हापासून दाराबाहेर पुरुषाच्या चपला होत्या आणि दोरीवर एक शर्ट धुऊन धुऊन विरला होता. शेजारच्या दोन घरांखेरीज खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. मैत्रिणींनाही सांगायचं नाही, असं रझियाने कुराणावर हात ठेवायला लावून सांगितलं होतं. एकाच्या तोंडून सुटलं की बाजारभर होतं.

आणि दार वाजलं की अमरीनने धावत न्हाणीत जायचं, बादलीत तांब्या बुडवायचा आणि दगडावर पाणी ओतत राहायचं. एक तांब्या, थोडं थांबून दुसरा. मध्ये एखादं खाकरणं. चारुदत्त त्या दिवशी पाऊण तास बसला, तेव्हा पाऊण तास ती ओतत होती. तिचे हात बधिर झाले होते.

तिने वही पुढे ओढली.

“पहिला प्रश्न. दारवतीला काय हवंय?”

“काय हवं असणार? लोक जायला हवेत.”

“का?”

“का म्हणजे...” चारुदत्तने खांदे उडवले. “विक्षिप्त आहे गो ती. गंमत आहे.”

“विक्षिप्त हे उत्तर नाही. तांडेलाच्या वेळी तू अर्धा तास बोलला होतास. त्याचा भाऊ, त्याची होडी, रंग कुठला तेसुद्धा सांगितलं होतंस. ह्या बाईला तीन रविवारांत तू एक वाक्य दिलंस. एक! आणि तेही तुझं नव्हे.”

आवाज चढला होता. सावनीच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर थांबलं.

“अगो, चिडतेस काय? खेळ आहे हा,” वेद म्हणाला.

“खेळ आहे म्हणूनच नियम आहेत. दुसरा प्रश्न. ती नसली तर कुणाचं काय अडेल?”

“आमचं हसणं अडेल,” वेद म्हणाला, पण या वेळी कुणी साथ दिली नाही.

“बरोबर. तुमचं हसणं. म्हणजे ती तुमच्यासाठी आहे, स्वतःसाठी नाही.” अमरीनने पेन वहीवर आपटलं. “तिसरा प्रश्न. आपण समोर नसताना काय चालतं? आपण तिघं कंटाळून निघून जातो. दार लागतं. मग त्या घरात काय होतं, चारू?”

“मी तेवढा विचार नाही केला.”

“बाई दारात आहे. तुझ्याशी बोलते आहे. मग न्हाणीत पाणी कोण ओततं?”

“तिचा नवरा.”

“जो कधीच बाहेर येत नाही?”

“भूत म्हण हवं तर. फासा टाकू, जे निघेल ते.”

“फासा टाकणार!” अमरीन उभी राहिली. पेटी मागे कलंडली. “एक बाई परक्या माणसाला फटीतून तेच वाक्य रोज सांगते, आणि आतून पाणी वाजतं. तुला कधी वाटलं नाही, की हे वाक्य तिला कुणी शिकवलं असेल? कुठल्या माणसाने? त्याच्या आधी ती दार सताड उघडत असेल की नाही? तू सूत्रधार ना? माणसांना मनं देतोस ना? पाऊण तास बसलास तिच्या दारात. पाऊण तास! आणि घेऊन काय आलास, तर तिरकी मान.”

बोलून गेल्यावर तिला कळलं, चारुदत्त पाऊण तास बसला होता तो दारवतीच्या नव्हे, अम्मीच्या दारात. शब्द परत घेता येईना. राग मात्र ओसरला नाही. उलट आता तो स्वतःवरही होता.

वेदने हातातला फासा फळीवर ठेवला. चारुदत्तचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो काहीतरी आठवत होता: व्हरांड्यातल्या चपला, कोऱ्या करकरीत, टाचा न झिजलेल्या, निघताना आत अचानक थांबलेलं पाणी, आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, फासा उचलताना अमरीनची थरथरणारी बोटं, ज्यांना तो ‘म्हातारी झालीस’ म्हणून हसला होता.

अमरीनने वहीत लिहिलं: ‘दारवती. रवाना.’ कारणाच्या रकान्यात पेन टेकवलं, पण तिथे लिहिण्यासारखं जे खरं होतं ते लिहिता येत नव्हतं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“अमरीन,” चारुदत्त अगदी हळू म्हणाला. “त्या दिवशी घरात... म्हणजे, तुझे अब्बा...”

सावनी आणि वेद तिच्याकडे बघत राहिले. एक शब्द पुरला असता. तिघंही चांगली माणसं होती. तिघांनीही हळहळून कुणालाही सांगणार नाही अशी शपथ घेतली असती. आणि ती हळहळ चारुदत्तच्या आईपर्यंत, वेदच्या वडिलांपर्यंत, तिथून बाजारभर पोचायला दोन दिवस पुरेसे होते.

अमरीनने मान किंचित तिरकी केली. चारुदत्त करायचा तशी नव्हे. तिची आई करते तशी, फटीतून बाहेर किती माणसं आहेत ते मोजताना.

“आंघोळीला गेलेत,” ती म्हणाली.

चारुदत्तने मान खाली घातली. मग त्याने वही स्वतःकडे ओढली आणि कारणाच्या रकान्यात, तिच्या शाईच्या डागापुढे, लिहिलं: ‘सूत्रधाराने न विचारता आणली होती.’

“गुरुवारचं राहू दे रे,” तो वेदला म्हणाला. “मला काम आहे.”

“चालेल,” वेद म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं की नाही, ते अमरीनला समजलं नाही, आणि विचारायचंही नव्हतं. तिने कलंडलेली पेटी पायाने सरळ केली, पण ती बसली नाही. ओढणी खांद्यावर नीट घेऊन ती जिन्याकडे वळली. अजून चार वाजले नव्हते. घरी पोचल्यावर ती नेहमीसारखं दार वाजवणार नव्हती. रस्त्यावरूनच हाक मारणार होती, म्हणजे अम्मीला आधी फटीतून बघावं लागणार नव्हतं.