काचेपलीकडचं बोलणं

कापड गिरणीत, मागाच्या खात्यात मी एकतीस वर्षं काढली. शंभर माग एकदम धडधडायचे. कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत नसे. म्हणून आम्ही सगळे ओठ वाचायचो. वीस हातांवरचा माणूस काय म्हणतोय ते बरोबर कळायचं. आणि ओठांवर आलं ते सगळ्यांचं. लपवायचं असेल तर बोलणारा तोंडावर हात धरायचा.

अक्षरं मी निवृत्त झाल्यावर गिरवली. ती आली तशी हाव सुटली, आणि इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. शेजारी कपडे शिवणारी एक बाई बसायची, माझ्या मुलीहून लहान. मी अडलो की हळूच वही सरकवायची.

"बघा काका, पण माझ्या चुका उचलू नका. तुमच्या स्वतःच्या काय कमी आहेत?"

त्या आठवड्यात मॅडमनी रिपोर्टेड स्पीच काढलं. दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगायचं, आणि सांगताना क्रियापद काळात एक पायरी मागे न्यायचं. उभं केलं की माझी त-त-प-प व्हायची. चार दिवस हसं झालं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पुस्तक ठेवा बाजूला. उद्या प्रत्येकाने खरंच कोणीतरी बोललेलं एक वाक्य आणा."

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचलो. वाक्य काही सुचलं नव्हतं. व्हरांड्यात बसलो, तर समोर ऑफिसच्या काचेपलीकडे माझी बाकावरची शेजारीण मॅडमशी बोलत होती. नवरा घर सोडून गेलाय, म्हणाली. अजून आईलासुद्धा सांगितलं नाही, म्हणाली.

माझ्या मनात काय यावं? वाक्य मिळालं!

वर्गात पहिला मीच उठलो आणि एका दमात इंग्रजीत सांगून टाकलं, की तिने मॅडमना सांगितलं, तिचा नवरा घर सोडून गेला होता. काळ बरोबर मागे नेलेला. पहिल्यांदाच.

"करेक्ट," मॅडमच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी मात्र शाबासकीसाठी इकडेतिकडे बघत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा पास झाला!"

शेजारीण पेन्सिल पिशवीत टाकत होती. "काका, कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही गं. दिसलं."

ती उठून गेली. घरी बायकोने विचारलं, "आज काय शिकवलं?" मी आणखी आमटी मागितली.

तीन दिवस ती आली नाही. माझ्यापायी तिचं शिक्षण सुटतंय की काय, या धास्तीने मी तिच्या दुकानावर गेलो. ती मशीनवर होती.

"चुकलो, पोरी."

तिने मशीन थांबवलं नाही. शिवता शिवताच म्हणाली, "वाक्य बरोबर होतं, काका. मॅडमच म्हणाल्या ना?"

सोमवारी ती वर्गात आली. मला इतकं हायसं वाटलं की मी बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. तास सुटल्यावर मॅडमशी काहीतरी बोलायला थांबली, मागे वळून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तोंडावर हात धरला.

अगदी आमच्या खात्यात धरायचे तसा. मी वही उघडून त्यात डोकं खुपसलं.