दोनदा ढवळलेलं दूध

पिंपळगाव बसवंतला माझं पंक्चरचं दुकान आणि समोर शेखरशेठची डेअरी. शेठच्या दुधात पाणी असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोनदा अन्न निरीक्षक येऊन नमुने घेऊन गेले, दोन्ही वेळा शेठ कोर्टातून सुटला. का? तर निरीक्षकानं कॅन न ढवळताच वरवरचं दूध बाटलीत भरलं. वर साय जास्त, खाली कमी. नमुनाच खोटा, म्हणाला वकील. निरीक्षकानं मुद्दाम केलं की अडाणीपणानं, देव जाणे. आमच्या लेकरांच्या पोटात पाणी ते पाणीच.

अठ्ठ्याण्णव साली नव्या अन्न निरीक्षक म्हणून आशा मॅडम आल्या. पेठच्या डोंगरातल्या, रसायनशास्त्राच्या बी.एस्सी., वर सरकारी ट्रेनिंग. नमुना घेताना साक्षीला पंच व्हायला गल्लीत कुणी धजेना. मी झालो. तमाशा बघायला.

"काय मॅडम, भात लावायचं सोडून दुधात कुठं पडल्या?" शेठ म्हणाला.

"भात लावून झाला, शेठ. आता तुमचं दूध बघू."

पदर खोचून त्यांनी भरलेला कॅन रिकाम्या कॅनमध्ये ओतला, परत ह्यात, परत त्यात. कॅन म्हणजे धूड नुसतं! मदतीला कुणी हात लावेना. मग लांब दांड्याचा झारा तळापर्यंत घालून ढवळलं. एका नमुन्याचे तीन भाग, तीन कोरड्या बाटल्या. दोन भरल्या आणि आतून शेठचा माणूस ओरडला, "मॅडम, फोन! तुमच्या साहेबांचा!"

शेठ मिशीत हसला. म्हटलं, संपलं. हीपण गेली.

आतून मॅडमचा आवाज आला, "हो सर... कळलं सर... नमुना घेऊनच येते, सर."

बाहेर येऊन त्यांनी कॅनमध्ये डोकावून बघितलं, भरलेल्या बाटल्या ओतून टाकल्या आणि पिशवीतून नव्या कोरड्या काढल्या.

"आता काय झालं?" शेठचं हसू उतरलं.

"तेवढ्यात साय वर आली, शेठ."

आणि बाई पुन्हा पहिल्यापासून! हाताच्या शिरा तटतटलेल्या, कपाळाचा घाम कोपरानं पुसलेला, दुधात एक थेंब नाही. जन्मभर सरकारी माणसाला शिव्या घालणारा मी, आ वासून उभा. दूध नासू नये म्हणून थेंब मोजून औषध, बूच, दोरा, गाठीवर लाखेचं सील. मग माझी सही.

तपासणीत दुधात पाणी निघालं. कोर्टात शेठच्या वकिलानं मला तेच विचारलं, "दूध ढवळलं होतं?"

"दोनदा," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा तर शेठच्याच कृपेनं."

वकिलानं शेठकडे बघितलं आणि खाली बसला. शेठला सहा महिन्यांची सजा लागली.