काचेच्या पाटीवर उतरलेला कुंचला

मित्रांनो, मी एक म्हातारा कुंचला आहे आणि थोड्याच वेळात मला जाळणार आहेत. हळहळू नका. मी आज इतका खुशीत आहे की कधी एकदा सगळे सांगतो असे झाले आहे.

माझा जन्म इथलाच, जपानमधल्या कुमानोचा. आमचे गाव कुंचले करणाऱ्यांचे. गेंजिरो नावाच्या कारागिराने बकरीचे आणि घोड्याचे केस भाताच्या तुसाच्या राखेत चोळले, पुन्हा पुन्हा विंचरले आणि बांबूच्या दांडीत मला बसवले. फुसाएबाईंनी मला विकत घेतले तेव्हा त्या नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. मग आम्ही दोघांनी जन्मभर कोंबडे रंगवले. लोक म्हणत, "हा आता आरवणार बघा." खरी करामत शेपटीत होती. शाई संपत आली की माझे केस फाकत, फटींतून कागद पांढरा दिसे आणि पीस तयार होई.

पुढे माझे केस गळू लागले. गेंजिरोही राहिला नव्हता. दुसरा कुंचला बाईंच्या हाताला रुचेना. त्यांनी मला खिळ्याला टांगले ते टांगलेच. आमच्याकडे झिजलेले कुंचले शरदाच्या उत्सवात आभार मानून अग्नीला देतात. आज सकाळी बाई म्हणाल्या, "यंदा याला निरोप देते. आणि माझंही चित्रं काढणं आता पुरे झालं."

मला जाण्याचे दुःख नव्हते. बाईंचे ते दुसरे वाक्य मात्र जिव्हारी लागले.

त्यांची मुलगी चिनात्सु टॅब्लेटवर मुलांसाठी चित्रकथा काढते. ती म्हणाली, "आई, एवढी सकाळ मला दे. याच्यासारखा कुंचला टॅब्लेटवर करून बघते."

"थकलेल्याला राबवू नये गं."

"राबवत नाही. त्याची विद्या मागतेय."

तिने मला शाईत बुडवून कागदावर ठसे घेतले, स्कॅन केले, आणि दाब वाढला की रेघ जाड व्हावी अशी सोय केली. मग टॅब्लेटवर शेपटी काढली. बाईंनी चष्मा वर केला. "हा कसला कुंचला? हा तर पोस्टातला शिक्का."

खरेच होते ते. प्रत्येक पीस एकाच जागी फाटलेले, एकसारखे. चिनात्सुचा चेहरा पडला. मी तर आतून चडफडत होतो. माझी सगळी विद्या कोरडे होण्यात, आणि ही पोर मला दर वेळी शाईत बुचकळत होती.

शेवटी बाईंनाच राहवले नाही. "अगं, सारखं बुडवतेस काय? त्याचं पोट रिकामं होऊ दे, मग बघ." त्यांनी बाही सारली आणि मला हातात घेतले. काय सांगू मित्रांनो! दाबत, ओढत, वळवत, शाईचा शेवटचा थेंब संपेपर्यंत आम्ही धावलो. केस गळत होते. गळेनात का! चिनात्सुने त्या सगळ्या लांब रेघा स्कॅन केल्या. दर वेळी वेगळी रेघ निवडली जावी आणि ती लांबेल तशी सुकत जावी, अशी तिने जुळणी केली.

"आता तू काढ," म्हणत तिने टॅब्लेटचे पेन आईच्या हातात दिले.

बाईंनी पीस ओढले. दुसरे ओढले. रेघ सुकत गेली, फाकली, मधून पांढरे डोकावले. आणि बाईंनी अगदी सवयीने ते पेन शाईच्या दगडी वाटीत बुडवले.

"आई, माझं पेन!"

दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या क्षणी मला कळले, मी त्या काचेत पोचलो.

आता आम्ही देवळापुढच्या रांगेत आहोत. धूर नाकाशी येतो आहे, म्हणून एवढेच सांगतो. आपले कुंचले पाण्यात डोक्यावर उभे करून विसरू नका, धुऊन टांगा. आणि कुणाकडे कला असेल, तर ती त्याच्या हयातीतच मागून घ्या.

"चिनात्सु, त्या काचेतल्याला धुवायचं कसं?" बाई विचारताहेत.

"धुवावं लागत नाही."

"मग त्याची निगा कशी राखायची?"

"रोज वापरायचा, एवढंच."

बाईंनी मला दोन्ही हातांनी कपाळाला लावले.

"तर मग उद्यापासून सकाळी ती काचेची पाटी माझ्याकडे."

"आणि माझं काम?"

"तू दुपारी कर."

रांग सरकली. आता आमचीच पाळी. येतो, मित्रांनो.