सव्वा इंच दस्ता

माझ्या सुनेनं माझ्या चांगल्या चादरीची छऱ्यांनी चाळण केली आणि वर मलाच विचारते, "आई, अजून एखादी जुनी चादर आहे का?"

जुनी म्हणे. कडेला टीप मी माझ्या हातानं घातलेली होती. नेल्डानं ती गवताच्या गठ्ठ्यांवर ताणून ठोकली होती आणि मधोमध कोळशानं टर्कीच्या नराची मान आणि डोकं काढलं होतं. म्हणजे काढायचा विचार असावा, दिसत होता बूट. वीस पावलांवर उभी राहून तिनं त्या बुटावर दोन बार काढले होते. बुटाला एकही भोक नव्हतं. भोकं सगळी वर आणि डावीकडे.

"विचारून घेतलीस का चादर?"

"तुम्ही अंडी द्यायला गेला होतात."

"मग मी येईपर्यंत तो पळून जाणार होता का? कोळशाचा?"

ती हसली. या बाईचं मला हेच आवडत नाही. बोललेलं लागत नाही तिला, आणि सांगितलेलं ऐकत नाही.

नेल्डा माझ्या हार्लनची बायको. अकरा वर्षं शहरात विजारींच्या कारखान्यात मापं काढत होती. कारखाना बंद पडला तशी दोघं इथं डोंगरात माझ्याकडे राहायला आली. हिवाळ्यात लाकूडतोडीला गेलेल्या हार्लनच्या खांद्यावर ओकची फांदी पडली. आत लोखंडी पट्टी घातली आहे, आणि डॉक्टर म्हणाला, वर्षभर खांद्याला बंदूक लावायची नाही. राहिले मी. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. जवळचं दिसतं, लांबचं सगळं धुक्यात.

ओरिन आणि मी लग्न करून या घरात आलो, तेव्हापासून टर्कीच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या सकाळी वरच्या कड्यावर आमच्या घरचं कुणी बसलं नाही असं एकदाही झालेलं नाही. ओरिन गेला त्या वर्षीसुद्धा मी बसले. त्याला पुरून नऊ दिवस झाले होते. लोक काय बोलले ते मला माहीत आहे. बोलले, आणि रविवारी माझ्याच टेबलाशी बसून टर्की खाऊन गेले.

तेव्हा यंदा नेल्डा, नाहीतर कुणी नाही. हंगाम सोमवारी उघडणार आणि आज शनिवार. हिनं आजच्या आधी जन्मात बंदूक धरलेली नाही.

"आई, दस्ता मला लांब होतो," ती म्हणाली. बाहीचं बटण काढून दंड दाखवला. लाल झाला होता. "सव्वा इंच कापायला हवा."

"त्या लाकडाला करवत लागणार नाही."

ती ओरिनची एकनळी बाराबोर. पहिला दस्ता फुटला तेव्हा त्यानं अक्रोडाचा ठोकळा आणून हा स्वतः कोरला होता, आख्खा हिवाळा चुलीपुढं बसून. "आणि दस्त्याचा काही दोष नाही," मी म्हणाले. "आमची बंदूक डावीकडे मारते. अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. नळीच्या टोकाचा मणी मानेवर धरायचाच नाही. मानेच्या उजवीकडे जे झुडूप असेल त्याच्या बुंध्यावर धरायचा. झुडपावर नेम धरून मी एकतीस नर आणलेत."

"एकतीस?"

"नवऱ्याला विचार."

हार्लन ओसरीवर गळ्यातल्या झोळीत हात घालून बसला होता. "एकतीस," तो म्हणाला. "बत्तिसावा शेजाऱ्यांचा पाळलेला होता, तो परत द्यावा लागला."

"तू कॉफी पी."

नेल्डानं बंदूक माझ्यापुढं धरली. "मग तुम्ही मारून दाखवा. झुडूप सोडा, बुटावरच धरा."

बूट तिनंच म्हटलं, मी नाही.

वीस पावलांवरचा काळा डाग मला दिसतो. मी नेहमीसारखी उभी राहिले. म्हणजे दस्ता खांद्याच्या खोबणीत नाही, तिथं तो मावतच नाही, खाली दंडावर टेकवायचा आणि मान लांब करायची. बार काढला. दंड बधिर झाला, तोही नेहमीसारखा. नेल्डा चादरीपाशी गेली आणि तिनं बोटं फिरवली. वर आणि डावीकडे. तिच्या भोकांच्या शेजारीच.

"बघ. म्हटलं नव्हतं?" मला बरं वाटलं.

ती तिथूनच म्हणाली, "आणि बाबा? ते मारायचे तेव्हाही डावीकडेच जायची?"

मी काडतुसांची रिकामी नळकांडी वेचायला खाली वाकले.

"बाबांची सरळ जायची," ओसरीवरून हार्लन.

"तुला कुणी विचारलं?"

पण ते खरं होतं. ओरिनची सरळच जायची. तो म्हणायचा, "वर्डी, ही बाईच्या हातात रुसते." चेष्टेत म्हणायचा, पण त्याला ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं. एप्रिलभर माझा दंड जांभळा असायचा. चर्चमध्ये मी मुद्दाम बाही वर सरकवून बसायचे. बायका चुकचुकायच्या, आणि मला ते गोड लागायचं. त्यांच्यातल्या एकीनं तरी कड्यावर बसून दाखवावं.

नेल्डाच्या गळ्यात कारखान्यातली मापाची फीत होती. ती माझ्यापुढं वाकली, दस्ता माझ्या कोपराच्या आत टेकवला आणि चाप बोटापासून किती लांब राहतो ते पाहिलं. मग स्वतःचं पाहिलं.

"तुमचा हात माझ्यापेक्षा अर्धा इंच आखूडच आहे," ती म्हणाली. "बंदूक सरळ आहे, आई. ती बाबांच्या मापाची आहे, एवढंच. सव्वासहा फुटांच्या माणसाची. आमच्याकडे बुटक्या गड्याला लांब विजार दिली की तो अडखळून पडायचा. आम्ही विजारीला लंगडी नाही म्हणायचो."

मी आत गेले आणि घेवडा सोलायला बसले. तिघांना पुरेल एवढा सोलून झाला तरी सोलतच राहिले. बावन्न वर्षं मी झुडपाच्या बुंध्यावर नेम धरत होते. बावन्न वर्षांत करवत त्याच भिंतीवर त्याच खिळ्याला होती. ओरिनला सुचलं नाही, ते एक वेळ असो, त्याच्या दंडाला बंदूक लागत नव्हती. मला का सुचू नये? मला दंडाचा जांभळा रंग मिरवायचा होता, म्हणून.

भांडं बाजूला सारलं. भिंतीवरची करवत काढली आणि अंगणात गेले.

"मी कापते," नेल्डा म्हणाली.

"तू? मान काढायला बसतेस आणि बूट काढतेस तू. धर घट्ट."

तिनं दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी काढली. लाकूड चिरू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळली, त्यावर पेन्सिलनं रेघ ओढली. तीन वेळा मोजली. मी म्हटलं, आता चौथ्यांदा मोजलीस तर करवत तुझ्यावर चालवीन. मग मी सावकाश कापलं. एवढ्या वर्षांचं लाकूड, पण आतून ताज्यासारखा वास आला. हार्लन ओसरीवरून उठून आला होता. तुकडा गळून पडला तो नेल्डानं उचलायच्या आत मी उचलला आणि एप्रनच्या खिशात टाकला.

कापल्या जागी तिनं रबराचा तुकडा स्क्रूनं बसवला. बंदूक खांद्याला लावली, आणि ती बरोबर बसली. मान ताणावी लागली नाही, गाल आपोआप लाकडावर टेकला. बार झाला. बुटाच्या मधोमध मुठीएवढं भगदाड.

मग मात्र तिच्या अंगात आलं. तीन जातींची काडतुसं आणली होती, लहान छऱ्यांची, मधल्या, जाड. तिन्ही वीस पावलांवरून, तीसवरून, चाळीसवरून. दर बारानंतर धावत जाऊन मानेतले छर्रे मोजायचे. दुसरी चादर मीच दिली. ती खरंच जुनी होती. शेवटी तिनं मधले छर्रे पक्के केले. चाळीस पावलांवर मानेत अकरा. पन्नासवर दोन.

"चाळीस," ती म्हणाली. "त्यापुढं मी मारणार नाही."

"ओरिननं साठवर मारलेत."

"सगळे पडले?"

"घेवडा करपेल," म्हणून मी आत गेले.

सोमवारी उजाडायच्या आत आम्ही कड्यावर होतो. तिनं लाल रुमाल बांधला होता, तो मी वाटेतच काढायला लावला. लाल डोकं नराचं असतं, आणि समोरच्या डोंगरात कोण बंदूक घेऊन बसलंय ते आपल्याला दिसत नाही. ओकच्या बुंध्याला पाठ लावून शेजारी शेजारी बसलो. बसायच्या आधी ती पावलं मोजत गेली आणि चाळिसाव्या पावलावर एक वाळकी फांदी रोवून आली. मी म्हटलं, वर झेंडा पण लाव.

मी लाकडी पेटीवर झाकण घासून मादीचा आवाज काढला. खोऱ्यातून लगेच उत्तर आलं. हा आवाज काढायला मला डोळे लागत नाहीत. थांबले. त्याला वाट पाहायला लावली. पुन्हा एकदा हळू काढला. तो चढ चढून वर आला.

उन्हं शेंड्यांवर आली तेव्हा तो फांदीच्या पलीकडे उभा होता. मला नुसता काळा गोळा दिसत होता, पण पिसारा पसरून तो जो घुमतो, ते कानाला नाही, छातीला कळतं. नेल्डाचा श्वास मला ऐकू येत होता. बंदूक खांद्याला, गाल लाकडावर, गुडघ्यावर कोपर. बसली अगदी बरोबर होती.

"मार," मी ओठांत म्हणाले.

"पन्नासच्या पुढं आहे."

"मार म्हणते ना. जाईल तो."

तिनं मारलं नाही. मी पेटी पुन्हा घासली. तो एक पाऊल पुढं आला नाही. आपल्याच जागी गोल गोल फिरला, मिरवला. बराच वेळ. यंदाची पहिली सकाळ, ओरिनचा कडा, आणि माझ्या शेजारी भरलेली बंदूक धरून ती पुतळ्यासारखी बसलेली. तिसऱ्यांदा "मार" म्हणायला मी तोंड उघडलं तेव्हा तो पिसारा मिटून वळला आणि पलीकडे उतरून गेला.

एकतीस मी आणले. जे छर्रे लागून पंख झाडत खिंडीत उतरले आणि सापडले नाहीत, ते मी त्यांत धरलेले नाहीत. ओरिननंही त्याचे धरले नाहीत. एक मी दोन दिवस शोधला होता. तिसऱ्या दिवशी गिधाडांनी दाखवला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नेल्डानं बंदूक सांध्यात उघडून काडतूस बाहेर काढलं.

"चिडलात ना, आई?"

"चिडले आहे," मी म्हणाले. "ओरिननं मारलं असतं. मीही मारलं असतं, आणि आत्ता आपण दोघी खाली खिंडीत रक्ताचे थेंब हुडकत असतो. दुपारी तुला पेटी वाजवायला शिकवते. उद्या तू एकटी ये. शेजारी बसून 'मार' म्हणणारं माणूस तुला नको."