बाई सांगतील तसं

"हळू बोला हो ताई, बाई शिकवतायत," आईने रसिकाला दटावलं.

मोबाइलच्या पडद्यावर रसिकाच होती. समोर वाटी ठेवून तिची सावली कशी काढायची ते समजावत होती. तोच चष्मा, तोच आवाज. पण वर्षभरात आईला समोरची लेक ओळखू येईनाशी झाली होती. घरात वावरणारी ही बाई आपल्या देखभालीला ठेवली आहे, अशी तिची समजूत होती.

रसिका मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. क्लासही घ्यायची. आईला एकटीला सोडून जाणं जमेना, तेव्हा कोपर स्टेशनजवळच्या घरातच पंखा बंद करून ती चित्रकलेचे धडे रेकॉर्ड करू लागली. लोक ते ऑनलाइन विकत घेत, आपापल्या सवडीने बघत. एकदा आवाज तपासायला तिने धडा लावला आणि आईने शेजारची पेन्सिल उचलली. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की आई मोबाइलसमोर जाऊन बसायची.

रसिकाच्या हातून मात्र ती गोळी घेत नसे. थुंकून टाकायची. शेवटी रसिकाने फक्त तिच्यासाठी एक छोटा व्हिडिओ केला. 'शीलाताई, आधी गोळी घ्या. वर पाणी प्या. मग आपण रंग लावू.'

आईने निमूटपणे गोळी घेतली.

"बरं झालं ना गं," शेजारची मंजुळा म्हणाली. "शेवटी तुझंच ऐकलं त्यांनी."

"माझं कुठे? तिचं ऐकते ती," रसिका म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासतेय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

एका दुपारी चेहऱ्याचा धडा आला. 'आपलं माणूस डोळ्यांसमोर आणा आणि काढा. चुकलं तरी चालेल,' पडद्यावरची रसिका म्हणाली. खरी रसिका तो धडा बदलायला पुढे झाली, पण आई कागदावर वाकलीसुद्धा होती.

बऱ्याच वेळाने आईने पेन्सिल खाली ठेवली. रेघा थरथरत्या होत्या. दोन वेण्या, एका वेणीची सुटलेली रिबीन. डाव्या भुवईवर एक आडवा ओरखडा.

"कोण ही?" रसिकाने विचारलं.

"माझी रसिका. नळावर पाय घसरून पडलेली. टाके घालावे लागले. पण रडली नाही हो पोर. शाळेत गेलीय आता."

रसिका तिच्यासमोर जमिनीवर बसली. चष्मा काढला, केस मागे सारले.

"आई, माझ्याकडे बघ ना. हा बघ व्रण. मीच आहे गं."

आईने बोटाने तिच्या भुवईवरचा व्रण चाचपला. फार हळुवारपणे.

"अगं बाई, तुम्हालाही लागलेलं? दुखलं असेल खूप." मग तिने विचारलं, "आई होती ना जवळ?"

"होती," रसिका म्हणाली.

"मग बरं." आईने चित्र मांडीवर घेतलं. "ताई, तेवढं दार उघडता? पोरगी यायची वेळ झाली."

रसिकाने उठून दार सताड उघडलं. परत आली आणि आईशेजारी बसली. दोघी दाराकडे बघत राहिल्या.