मजीदभाईंचा डॉलर

अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या चांदीच्या नाण्यांनी विजयकुमारला झपाटलं होतं, पण १७९९ चा डॉलर काही त्याच्या हाती लागला नव्हता. तो होता कतारमधल्या अल वक्राच्या मजीदभाईंकडे, वडिलांची आठवण म्हणून. फोटो काढायला त्यांनी तो विश्वासाने दिला. अट एकच: नाणं पुसायचंसुद्धा नाही. जुन्या चांदीवरचा काळसर थर गेला की नाण्याची अब्रूच गेली.

पण हाती आलेलं मिरवलं नाही तर तो विजयकुमार कसला! लक्ष्मीपूजनाला त्याच्या अल सद्दच्या फ्लॅटवर दोह्यातली मित्रमंडळी जमणार होती. सकाळी त्याने डॉलर डबीतून काढून पूजेच्या ताटात, घरच्या नाण्यांमध्ये ठेवला. "आई, पूजेचं तेवढं बघ," म्हणाला आणि ऑफिसला गेला.

आई, अंबिकाबाई, सिन्नरहून महिनाभरासाठी आल्या होत्या. देवापुढे काळी चांदी मांडायची त्यांच्याकडे रीत नव्हती. त्यांनी ताटातलं नाणं न् नाणं टूथपेस्टने घासलं.

संध्याकाळी विजयकुमारने ताटातला चकचकीत डॉलर उचलला.

"आई, काय केलंस हे?"

"अरे, किती काळं पडलं होतं! बघ, नाण्यावरच्या बाईचा चेहरा कसा उजळला. लक्ष्मीच जणू."

दुसऱ्या दिवशी मजीदभाई आले. त्यांनी डॉलर उजेडात धरला आणि त्यांचा चेहराच उतरला. "ये किसने किया?"

मीच मिरवायला ताटात ठेवला, एवढंच सांगायचं होतं. पण जीभ कचरली. "माँ ने. मैंने तो डिब्बी में रखा था, इन्होंने निकाल लिया. गाँव की हैं, समझती नहीं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी कोण, तर जन्मदाती! अंबिकाबाई चहा घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि हात जोडले. "मेरी गलती, भाईसाब. माफ करना."

"नहीं अम्मा, ऐसा मत कहिए." मजीदभाईंनी डॉलर रुमालात बांधला. निघताना विजयकुमारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हारा क्या कसूर."

दार लागलं. विजयकुमारला आईकडे बघायचीही लाज वाटत होती.

"आई, तू खरं का नाही सांगितलंस?"

"मी काय, आठ दिवसांनी घरी जाईन," कप गोळा करत त्या म्हणाल्या. "तुला इथं त्यांना तोंड दाखवायचंय."